कुट, डब्लिन, बेळगाव : एप्रिल १९१६ मधलं महायुद्ध

शाळेच्या पुस्तकात पहिलं महायुद्ध दीड पानात उरकतं. साराजेव्होला युवराजाचा खून झाला, देशांनी एकमेकांवर युद्ध पुकारलं, खंदक खणले गेले, विषारी वायू आला, अमेरिका उतरली, जर्मनी हरली, व्हर्सायचा तह झाला. मधली चार वर्षं जवळपास गायबच. इथे जरा उलटं करू. चार वर्षं एका दमात सांगण्याऐवजी एकच महिना घेऊ आणि त्यात जगभर काय चाललं होतं ते बघू. महिना एप्रिल १९१६.

हाच का, तर या महिन्यात गाजलेली अशी एकही लढाई सुरू झाली नाही. व्हर्दून फेब्रुवारीतच पेटलं होतं, सॉम जुलैत पेटणार होतं. म्हणून बरेच इतिहासकार एप्रिलवरून पटकन पुढे सरकतात. पण याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इराकमध्ये पुण्याचं नाव लावणारी एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांची तुकडी, तुर्कांना शरण गेली, डब्लिनमध्ये बंड झालं, बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली, आणि फ्रान्स-रशियाने तुर्कस्तानची वाटणी कागदावर पक्की केली. या चार गोष्टी आपण चार वेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्या घडल्या मात्र एकाच आठवड्यात.

आधी कोण कुणाच्या बाजूला होतं ते झटकन सांगतो. एकीकडे ब्रिटन, फ्रान्स, रशिया, आणि १९१५ पासून इटली. ही दोस्त राष्ट्रं. दुसरीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन तुर्कस्तान आणि बल्गेरिया. हिंदुस्थान ब्रिटनच्या ताब्यात, त्यामुळे त्याला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मार्च १९१६ मध्ये जर्मनीने पोर्तुगालवर युद्ध पुकारलं, आणि पोर्तुगालसोबत गोवाही कागदोपत्री युद्धात आला. मुरगाव बंदरात दीड वर्ष आसरा घेऊन बसलेली जर्मन जहाजं पोर्तुगीजांनी ताब्यात घेतली. १० एप्रिलला पोर्तुगीज फौजेने पूर्व आफ्रिकेत मोझांबिकच्या सीमेवरचा कियोंगा नावाचा जर्मनांकडचा छोटासा तुकडा बळकावला. या महिन्यात दोस्तांच्या पदरात विनासायास पडलेली जमीन म्हणजे एवढीच.

युद्धाला तोवर वीस महिने झाले होते. ‘नाताळपर्यंत घरी परतू’ म्हणत निघालेल्या सैन्यांचे दोन नाताळ खंदकात गेले होते. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदकांची एक सलग रांग होती आणि ती कुणालाच हलवता येत नव्हती. तोफा, मशीनगन आणि काटेरी तारा यांनी बचाव सोपा केला होता, हल्ला जवळजवळ अशक्य. अशा वेळी सरकारं काय करतात? जवळची रोकड संपलेला माणूस जे करतो तेच. उधारीवर येतात. एप्रिल १९१६ मध्ये प्रत्येक मोठी सत्ता उधारीवर लढत होती: दुसऱ्याचे सैनिक, दुसऱ्याची जमीन आणि पुढे कधीतरी पाळायची वचनं. हे ध्यानात ठेवलं की या महिन्याच्या विस्कळीत बातम्या एका धाग्यात येतात.

फ्रान्सपासून सुरुवात करू. २१ फेब्रुवारीला जर्मनांनी व्हर्दूनच्या किल्ल्यांवर हल्ला चढवला होता. ९ एप्रिलला त्यांनी म्यूझ नदीच्या दोन्ही काठांवर एकदम जोर लावला. फ्रेंचांनी तो कसाबसा थोपवला आणि दुसऱ्या दिवशी सेनापती पेतांने सैन्याला धीर देणारा आदेश काढला, तो पुढे पोस्टरांवर झळकला. खरी कमाल मात्र एका रस्त्याची होती. व्हर्दूनला जाणारे मोठे लोहमार्ग तुटलेले किंवा जर्मन तोफांच्या माऱ्यात. उरला बार-ल-द्यूकहून येणारा सुमारे सत्तर किलोमीटरचा रस्ता आणि एक अरुंद रेल्वे. त्या रस्त्यावरून दिवसरात्र मालमोटारी धावत. ऐन गर्दीच्या काळात दर चौदा सेकंदांना एक. बंद पडलेली गाडी दुरुस्त करत बसायचं नाही, सरळ बाजूच्या खड्ड्यात ढकलायची. रस्त्याच्या कडेला वयस्क राखीव सैनिक फावडी घेऊन उभे, ते चालत्या गाड्यांच्या चाकांखाली खडी टाकत राहायचे. रस्ता तयार करायचं काम असं चाकंच करत होती.

पेतांने आणखी एक गोष्ट केली. एकाच डिव्हिजनला पूर्ण गारद होईपर्यंत आघाडीवर ठेवायचं नाही. काही दिवस लढवायचं, मग मागे घेऊन दुसरी पाठवायची. माणुसकी म्हणून ठीक, पण याचा अर्थ असा की फ्रेंच सैन्याचा बराचसा भाग व्हर्दूनच्या चिखलातून फिरून आला. डिसेंबरात लढाई संपली तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख मेले होते. फ्रान्सला माणसं कमी पडू लागली, आणि माणसं भरपूर असलेला दोस्त एकच, रशिया.

रशियाचं दुखणं उलटं. माणसं आहेत, रायफली नाहीत. तेव्हा सौदा ठरला की फ्रान्सने शस्त्रं द्यायची, रशियाने सैनिक. २० एप्रिलला मार्सेय बंदरात पहिली रशियन ब्रिगेड उतरली. बाल्टिक आणि काळा समुद्र शत्रूने बंद केलेले, म्हणून या सैनिकांना आधी रेल्वेने अख्खा सायबेरिया ओलांडून मांचुरियाच्या किनाऱ्यावर नेलं, तिथून जहाजाने हिंदी महासागर आणि सुएझमार्गे फ्रान्सला. युरोपातून युरोपात जायला आशियाला वळसा! मार्सेयच्या लोकांनी फुलं उधळून त्यांचं स्वागत केलं.

त्याआधी, १४ एप्रिलला, रशियाच्या मोगिलेव्ह इथल्या मुख्य ठाण्यावर झारच्या उपस्थितीत सेनापतींची बैठक झाली. फ्रान्सवरचा ताण हलका करायला उन्हाळ्यात हल्ला करायचा की नाही, हा विषय. मार्चमध्ये नारोच तलावापाशी रशियनांनी भयंकर मार खाल्लेला, त्यामुळे दोन ज्येष्ठ सेनापती, एव्हर्ट आणि कुरोपाटकिन, अंग चोरत होते. तेव्हा नैऋत्य आघाडीवर नुकताच नेमलेला ब्रुसिलोव्ह म्हणाला, मी हल्ला करतो, जास्तीचं काही देऊ नका. जूनमध्ये त्याने ऑस्ट्रियाची आघाडी खरोखर फोडून काढली. पण ती पुढची गोष्ट. एप्रिलपुरतं सांगायचं तर रशियाची सरशी दुसरीकडेच झाली, काळ्या समुद्राच्या काठी. १८ एप्रिलला युदेनिचच्या फौजेने तुर्कांचं ट्रॅबझोन बंदर घेतलं. आता तिथल्या रशियन सैन्याला समुद्रातून रसद मिळणार होती, आणि वाटाघाटींच्या टेबलावर दाखवायला एक मोठं शहरही हाती होतं.

आता इराक, तेव्हाचं मेसोपोटेमिया. इथे थोडं थांबू, कारण या महिन्यात आपली सगळ्यात जास्त माणसं इथे अडकलेली होती.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून फौज पाठवून बसरा घेतलं. हेतू मर्यादित होता. शेजारी इराणच्या आबादानमध्ये तेलाचा कारखाना होता आणि इंग्रजी आरमार कोळशावरून तेलावर वळत होतं. ते तेल राखायचं. पण बसरा पटकन मिळाल्यावर हाव सुटली. तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकत सेनापती टाउनशेंड बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला त्याची तुर्कांशी गाठ पडली. सुमारे साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि तो माघारी फिरून कुट-अल-अमारा या नदीच्या वळणात वसलेल्या गावात शिरला. ७ डिसेंबरपासून तुर्कांनी गाव वेढलं. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला तुर्की खंदक.

आत अडकली ती सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. शांततेच्या काळात तिचं ठाणं पुण्यात, म्हणून हे नाव. त्यात डॉर्सेट, नॉरफक अशा गोऱ्या पलटणी होत्या, पंजाबी, राजपूत, गुरखे होते, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या आणि तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. कोकण आणि देशावरच्या गावांतून भरती झालेली ही पोरं. सोबत तीन हजारांहून जास्त असे हिंदी लोक, ज्यांची नावं लढाईच्या नकाशात कधी येत नाहीत: भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, सफाईवाले. शिवाय गावातली सुमारे सहा हजार अरब माणसं, त्यांना तर जायला जागाच नव्हती.

कुटची शोकांतिका तोफांपेक्षा हिशोबाने जास्त घडवली. वेढ्याच्या सुरुवातीला टाउनशेंडने कळवलं की अन्न थोडेच आठवडे पुरेल. मुंबईहून आलेली जहाजं बसऱ्याला माल उतरवायला धक्का नाही म्हणून आठवडेच्या आठवडे खोळंबलेली, नदीत चालणाऱ्या आगबोटी मोजक्या, इस्पितळांची व्यवस्था नावापुरती. तरी सुटकेला निघालेली फौज अर्धवट तयारीत घाईघाईने पुढे ढकलली गेली. जानेवारीत शेख साद, वादी, हन्ना, मार्चमध्ये दुजैला. प्रत्येक ठिकाणी मार खाल्ला. आणि जानेवारीच्या अखेरीस टाउनशेंडने गावातल्या घराघरांची झडती घेतली तेव्हा लपवलेलं इतकं धान्य सापडलं की एप्रिलपर्यंत तग धरता आला. ही झडती डिसेंबरातच झाली असती, तर सुटकेच्या फौजेला सज्ज व्हायला दोन महिने मिळाले असते. युद्धात शौर्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात; पोती कुणी मोजली याची गोष्ट कुणी सांगत नाही. इथे तीच महत्त्वाची होती.

तेव्हा एप्रिल उजाडला तो असा. ५ तारखेला सुटकेच्या फौजेने हन्नाचे खंदक घेतले आणि ती सन्नैयातला येऊन अडली. कुट तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. तोफांचा आवाज आत अडकलेल्यांना ऐकू यायचा. ६ तारखेला हल्ला, अपयश. ९ ला पुन्हा, अपयश. डोंगरातलं बर्फ वितळून तैग्रिसला पूर आलेला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि मधल्या चिंचोळ्या चिखलाच्या पट्ट्यातून सरळ मशीनगनवर चालून जायचं. याच दिवसांत बैत ईसाच्या झुंजीत ८९ व्या पंजाबी पलटणीच्या नाईक शहामद खानने एका मोक्याच्या फटीत मशीनगन घेऊन तीन तास तुर्कांना रोखून धरलं आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळाला. २२ ला सन्नैयातवर शेवटचा हल्ला झाला, तोही फसला. आत अडकलेल्या तेरा हजारांना सोडवताना बाहेरच्या फौजेचे सुमारे तेवीस हजार मेले किंवा जखमी झाले.

आतमध्ये रोजचा शिधा कमी कमी होत महिन्याच्या मध्यावर चार-पाच औंस पिठावर आला होता, म्हणजे साधारण एकशे पंधरा ते एकशे चाळीस ग्रॅम. तेवढ्यात धड दोन भाकऱ्या होत नाहीत. मांस होतं, पण घोड्याचं आणि खेचराचं. गोऱ्या सैनिकांनी ते आधीच खायला घेतलेलं. हिंदू, मुसलमान, शीख, बहुतेक हिंदी सैनिक नको म्हणत राहिले. ‘खाल्लं तरी चालेल’ असे धर्मगुरूंचे निरोप बिनतारी यंत्रावरून आणवले, तरी नाही. याला नुसता हट्ट म्हणणं सोपं आहे. सैनिकांचं म्हणणं असं होतं की इथे वाचून गावी गेलो आणि तिथे वाळीत पडलो, पोरीबाळींची लग्नं अडली, तर जगून काय करायचं? गावाची दहशत तुर्कांच्या दहशतीहून मोठी होती. शेवटी एप्रिलच्या मध्यावर, टाउनशेंडने कडक हुकूम काढल्यावर आणि भूकच अनावर झाल्यावर, हजारोंनी मांस घेतलं. पण तोवर अंगातली ताकद गेली होती. टाउनशेंडने नंतर सगळं खापर हिंदी शिपायांच्या खाण्यावर फोडलं. ते मला पटत नाही. बगदादच्या हावेपायी सैन्य इतक्या लांब नेणाऱ्याने शिधा न पुरल्याचा दोष शिपायाच्या ताटाला देऊ नये.

वेढ्यातल्या डॉक्टरांनी एक विलक्षण गोष्ट टिपून ठेवली आहे. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, हिंदींना स्कर्व्ही. एकच गाव, एकच उपासमार, आजार दोन. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात, त्यात ब१ जीवनसत्त्व नाही. पण घोड्याच्या ताज्या मांसाने ते स्कर्व्हीपासून वाचले. हिंदी सैनिक कोंड्यासकट दळलेलं जवाचं पीठ खात, म्हणून बेरीबेरी नाही. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त. पांढरं पीठ संपून गोरेही जवाच्या पिठावर आले तशी त्यांची बेरीबेरी हटली. जीवनसत्त्वांचं शास्त्र तेव्हा रांगत होतं, आणि कुटने त्याला न मागता पुरावा दिला.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात विमानातून धान्याची पोती टाकायचा प्रयत्न झाला. वेढलेल्या सैन्याला हवेतून रसद पुरवायचा हा इतिहासातला पहिलाच मोठा प्रयत्न. विमानं दुबळी, काही पोती नदीत, काही थेट तुर्कांच्या खंदकात; जे आत पडलं ते तेरा हजार तोंडांना कुठे पुरणार? २४ च्या रात्री जुलनार नावाची आगबोट २७० टन माल भरून, लोखंडी पत्रे ठोकून, अंधारात नदीवर सोडली. तुर्कांनी पात्रात आडवा तारदोर ताणून ठेवला होता, त्यात ती अडकली. तिचे अधिकारी फर्मन आणि काऊली दोघेही मारले गेले. दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माल तुर्कांनी खाल्ला.

मग पैशांचा मार्ग. २७ एप्रिलला टाउनशेंड तुर्की सेनापती खलील पाशाला भेटला. सैन्य सोडून द्या, तोफा घ्या, वर दहा लाख पौंड घ्या. पुढे ही बोली वीस लाखांवर गेली. इस्तंबूलहून तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाने साफ नकार दिला; त्याला पैसा नको होता, फजिती हवी होती. बोलणी करायला गेलेल्या ब्रिटिशांत कैरोहून आलेला एक तरुण अधिकारी होता, टी. ई. लॉरेन्स, जो पुढे ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजला. २९ एप्रिलला, वेढ्याच्या पाचव्या महिन्यात, कुट पडलं. सुमारे २,६०० गोरे शिपाई, जवळपास ७,००० हिंदी शिपाई, ३,२०० वर नोकरचाकर आणि शेकडो अधिकारी कैदेत गेले.

टाउनशेंडला तुर्कांनी मानाने इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा सुखरूप बसऱ्याला पोचवला गेला. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकलत नेलं. बऱ्याच हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. गोऱ्या शिपायांपैकी दर दहातले सहा-सात कैदेत मेले. हिंदींचे आकडे तितके नीट ठेवलेच नाहीत, पण हजारो गेले. खलील पाशाने पुढे तुर्कस्तानात आडनावांचा कायदा झाल्यावर आडनाव घेतलं ते ‘कुट’.

आता याच्या शेजारी २६ एप्रिलची एक नोंद ठेवा. त्या दिवशी रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये, फ्रान्स आणि रशियाने पत्रांची देवाणघेवाण करून तुर्की साम्राज्यातलं कुणाला काय हे ठरवलं. रशियाला एर्झुरुम, ट्रॅबझोन, व्हान, बिटलिस. मोबदल्यात रशियाने सायक्स आणि पिको या इंग्रज-फ्रेंच जोडगोळीने आखलेल्या वाटणीला होकार दिला: सीरियाचा किनारा फ्रान्सचा, बगदाद आणि बसरा ब्रिटनचं. मे महिन्यात ब्रिटननेही शिक्का मारला. म्हणजे ज्या आठवड्यात कुट आणि बगदाद नकाशावर ब्रिटनच्या रंगात रंगवलं जात होतं, त्याच आठवड्यात ब्रिटनची डिव्हिजन त्याच कुटमध्ये वीस लाख पौंड देऊन सुटका मागत होती. शिवाय याच मुलखातली बरीच जमीन ब्रिटन त्याच सुमारास मक्केच्या शरीफ हुसेनलाही पत्रांतून देऊ करत होतं. जमीन हातात नाही, पण दोघांना कबूल. पश्चिम आशियातली आजची भांडणं उलगडायला बसलं की माणूस फिरून या कागदांपाशी येतो. हे सगळं गुप्त होतं. १९१७ मध्ये रशियात क्रांती करून सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांनी झारच्या दफ्तरातून काढून छापलं तेव्हा जगाला कळलं.

पाळायची नाहीत किंवा ‘युद्धानंतर पाळू’ अशी वचनं अरबांनाच दिली गेली असं नाही. आयर्लंडला होमरूल, म्हणजे साम्राज्यात राहून स्वतःचं राज्य, देणारा कायदा सप्टेंबर १९१४ मध्येच मंजूर झाला होता. त्याच दमात तो युद्ध संपेपर्यंत गुंडाळून ठेवला गेला. बहुसंख्य आयरिश नेत्यांनी ते मानलं आणि पोरांना ब्रिटिश सैन्यात पाठवलं. युद्धभरात सुमारे दोन लाख आयरिश लढले. एका छोट्या गटाला ते मान्य नव्हतं. इंग्लंड अडचणीत आहे तोवरच उठायचं, असा त्यांचा हिशोब. जर्मनीने वीस हजार रायफली भरून एक जहाज पाठवलं. ते पकडलं गेलं आणि २२ एप्रिलला त्याच्या कप्तानाने ते बुडवलं. मदत मागायला जर्मनीत गेलेला रॉजर केसमेंट पाणबुडीतून किनाऱ्यावर उतरल्यावर काही तासांत सापडला. शहाण्याने इथे बेत रद्द केला असता. काही पुढाऱ्यांनी केलाही. बाकीचे तरी २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, उठले.

डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीच्या दारात पॅट्रिक पिअर्सने आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. बंडखोर दीडेक हजार. ब्रिटिशांनी तोफा आणल्या, लिफी नदीत शस्त्रसज्ज जहाज आणलं आणि शहराचा मध्य भाग जाळून काढला. २५ ला जर्मन लढाऊ जहाजांनी इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट आणि यारमथ या किनाऱ्यावरच्या गावांवर तोफा डागल्या, हेतू तोच, इंग्रजांना दोन्हीकडून गोंधळात पाडायचं. २९ एप्रिलला, म्हणजे कुट पडलं त्याच शनिवारी, पिअर्सने बिनशर्त शरणागती पत्करली. आठवड्यात ४८५ च्या आसपास माणसं मेली, निम्म्याहून जास्त साधे नागरिक.

डब्लिनकरांनी कैद्यांना शिव्या घातल्या होत्या, कारण अनेकींचे नवरे फ्रान्सच्या खंदकांत होते. आणि तिथे काय चाललं होतं? २७ आणि २९ एप्रिलला हुलुकपाशी जर्मनांनी नेमक्या १६ व्या आयरिश डिव्हिजनवर विषारी वायू सोडला; पाचशेहून जास्त आयरिश सैनिक मेले. काही दिवसांनी मन्स्टर या आयरिश पलटणीसमोरच्या जर्मन खंदकांवर मोडक्या इंग्रजीतल्या पाट्या लागल्या. एकीवर, आयर्लंडमध्ये गोंधळ माजलाय, इंग्रजांच्या तोफा तुमच्या बायकापोरांवर चालताहेत. दुसरीवर, कुट पडलं, तेरा हजार कैद. मराठे आणि पंजाबी कुटमध्ये का हरले याचा आयरिश माणसाशी संबंध आहे, हे पाट्या रंगवणाऱ्या त्या जर्मन शिपायाला बरोबर कळलं होतं. मन्स्टरवाल्यांनी रात्री छापा घालून पाट्या उचलून आणल्या.

ब्रिटिशांनी मग आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ३ ते १२ मे दरम्यान पंधरा पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, थोड्या थोड्यांना करून, त्यातल्या जखमी जेम्स कॉनलीला खुर्चीला बांधून. शिव्या देणारं शहर दोन आठवड्यांत त्यांचे फोटो भिंतीवर लावू लागलं.

याच आठवड्यात बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती. टिळकांना मंडालेहून सुटून दोन वर्षंही झाली नव्हती. २८ एप्रिलला इंडियन होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. मागणीचं नाव थेट आयर्लंडकडून घेतलेलं, पण रस्ता डब्लिनचा नव्हे. टिळकांचं म्हणणं साधारण असं होतं की राजा राहू द्या, आमचा त्याच्याशी वाद नाही. कारभार करणारी नोकरशाही बदला आणि तो आमच्या हाती द्या. १ मे रोजी बेळगावात आणि महिनाअखेरीस अहमदनगरला त्यांनी हेच अगदी घरगुती मराठीत समजावून सांगितलं. डब्लिनच्या धगीने आधीच दचकलेल्या सरकारने २३ जुलैला, ऐन त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची नोटीस पाठवली. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. या खटल्याने लीगची जेवढी जाहिरात झाली तेवढी शंभर सभांनी झाली नसती.

महिन्यातल्या बाकी गोष्टी थोडक्यात. मार्चमध्ये जर्मन पाणबुडीने इंग्लिश खाडीत ससेक्स नावाच्या प्रवासी जहाजावर पाणतीर सोडला, पन्नासहून अधिक मेले. १८ एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीला बजावलं की हे थांबवा, नाहीतर संबंध तोडू. ४ मेला जर्मनीने वचन दिलं. उधारीतलं हेही एक. १९१७ च्या फेब्रुवारीत ते मोडलं आणि दोन महिन्यांत अमेरिका युद्धात आली. १९ एप्रिलला बगदादमध्ये, कुटचा वेढा आखणारा म्हातारा जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्झ, विजय दहा दिवसांवर आलेला असताना, तापाने मेला. २५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेतल्या आपल्या मृतांसाठी पहिला अँझॅक दिवस पाळला. आणि ३० एप्रिलच्या रात्री अकरा वाजता जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने आपली घड्याळं एक तास पुढे केली, उन्हाळ्यातला उजेड वापरून दिव्यांचा कोळसा वाचवायला. देशपातळीवर हे पहिल्यांदाच झालं. तीन आठवड्यांत ब्रिटननेही शत्रूची नक्कल केली. माणसं, जमीन, वचनं संपवून झाल्यावर सरकारांनी सूर्याकडेही एक तास मागून घेतला.

कुटचं प्रकरण तिथेच मिटलं नाही. ही मोहीम दिल्ली-सिमल्याच्या सरकारने चालवलेली, आणि तिच्यातली रसदीची, औषधपाण्याची अनागोंदी इतकी उघडी पडली की लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर आला. जुलैत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालावरच्या चर्चेत एडविन माँटेग्यू नावाच्या खासदाराने हिंदुस्थान सरकारवर जोरदार टीका केली: आधुनिक काळाला चालणारच नाही असा हा लाकडी, ताठर, जुनापुराणा कारभार आहे. काही दिवसांत तेच भारतमंत्री झाले. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी पार्लमेंटात जाहीर केलं की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणणं हे ब्रिटिश सरकारचं धोरण आहे.

ही घोषणा होमरूल चळवळीच्या दबावामुळे झाली असं आपण शिकतो, आणि ते खरंच आहे. त्या उन्हाळ्यात ॲनी बेझंट यांच्या अटकेने देश तापला होता. पण ती करणारा मंत्री त्या खुर्चीवर बसला तो कुटमुळे. टिळकांनीही ही सांगड सोडली नाही. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी सैन्यभरतीसाठी युद्ध परिषद बोलावली, तेव्हा भरती आणि स्वराज्य या दोन गोष्टी वेगळ्या करता येणार नाहीत असं ते सांगू लागले. गव्हर्नरने मध्येच अडवलं. टिळक उठून निघून गेले.